काठावर पास

पकडलेला मासा सोडूनच द्यायचा असेल तर पकडायचा कशाला, हा प्रश्न क्रेगमध्ये मोठ्यानं विचारू नये. लोक सभ्य आहेत, अंगावर येणार नाहीत. पण त्यानंतर तुम्हाला कोणी कॉफी विचारणार नाही, आणि तिथल्या वाऱ्यात कॉफीशिवाय उभं राहणं कठीण आहे.

क्रेग हे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हेलेना आणि ग्रेट फॉल्स या दोन शहरांच्या साधारण मधोमध, मिसुरी नदीच्या काठावर वसलेलं गाव. वसलेलं म्हणजे कितपत, तर अख्खं गाव एका एसटीत बसेल आणि वर कंडक्टरलाही जागा उरेल. कणीक आणायची तर गाडी काढावी लागते, पण एल्कच्या केसांपासून बनवलेली नकली माशी चालत जाऊन आणता येते. फ्लाय फिशिंगची दुकानं एवढ्याशा गावात एकाहून जास्त आहेत आणि ती सगळी चालतात.

याला कारण होल्टर धरण. गावाच्या वरच्या अंगाला, १९१८ साली पुरं झालेलं. धरणाखाली पाणी भर उन्हाळ्यातही थंड राहतं, त्यात किडे मुबलक, आणि त्या किड्यांवर पोसलेले ट्राउट मैलामागे हजारोंनी मोजले जातात. मोजतं सरकार. पाण्यात विजेचा बेताचा झटका सोडायचा, मासे गुंगले की जाळीत घ्यायचे, मोजायचे, खूण करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. म्हणजे सरकारही मासे पकडून सोडूनच देतं. फरक इतकाच की त्या माणसांना त्याबद्दल पगार मिळतो, आणि माझा भाचा स्वतःचा पगार तिथं नेऊन घालतो.

भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. (अमेरिकेतला भाचा दुसऱ्या कशात असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) तो जन्मानं आणि निष्ठेनं शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे तो वाढदिवस ज्याचा आहे त्यालाच विचारतो. अशा मुलाला मासेमारीचा नाद लागला हे कळल्यावर माझ्या बहिणीनं पुण्याहून फोन करून मला सांगितलं, “तू आता जातोच आहेस तिकडे, तर नक्की काय करतो ते बघून ये.” तेव्हा मी जे काही पाहिलं ते एका अर्थी सरकारी निरीक्षकाच्या भूमिकेतून, घडीच्या खुर्चीवर बसून, थर्मासमधला चहा पीत पाहिलं.

आधी नदीविषयी, कारण ती तशी लहान नाही. मिसुरीची लांबी पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उत्तर अमेरिकेत सर्वांत जास्त. अध्यक्ष जेफरसननं पाठवलेली लुइस आणि क्लार्क ही जोडगोळी १८०५ साली तिचा माग काढत इथूनच वर गेली. ज्या ठिकाणी तीन नद्या मिळून मिसुरी होते तिथं पोचल्यावर त्यांनी तिघींची बारशी उरकली. एक जेफरसन, अध्यक्षांच्या नावे. दुसरी मॅडिसन, परराष्ट्रमंत्र्याच्या नावे. तिसरी गॅलटिन, हा अर्थमंत्री. ज्याच्या सहीनं खर्च मंजूर होतो त्याच्या नावे एक वाहती नदी करून टाकावी, हे सरकारी दौऱ्यावरच्या माणसाला कुठल्याच देशात शिकवावं लागत नाही.

या मोहिमेत सायलस गुडरिच नावाचा एक शिपाई होता. मासे पकडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. १३ जून १८०५ रोजी ग्रेट फॉल्सच्या धबधब्यापाशी त्यानं अर्धा डझन उत्तम ट्राउट काढले. त्या ट्राउटच्या शास्त्रीय नावात पुढे क्लार्कही आला आणि लुइसही आला, गुडरिच मात्र नाही. गळ धरून उभा राहिला तो, नाव लागलं साहेबांचं. मासे त्याच रात्री जेवणात होते, मीठ-मिरीसकट, अशी लुइसचीच नोंद आहे. ते सोडून देऊ या असं त्या दिवशी कोणी सुचवलं असतं तर त्यालाच नदीत सोडलं असतं.

आज क्रेगच्या पाण्यात गळाला लागतो तो बहुतेक वेळा गुडरिचचा ट्राउट नसतोच. रेनबो हा मूळचा पॅसिफिकच्या बाजूचा, माणसांनी आणून सोडलेला. ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ साली जर्मनीहून बोटीनं अमेरिकेत आली. (त्याच ब्राउनला इंग्रजांनी पुढे काश्मीरच्या नद्यांतही नेऊन सोडलं. साहेब जिथं जाईल तिथं आधी क्लब काढायचा आणि मग ट्राउट.) म्हणजे मासा बाहेरून आलेला आणि त्याला पकडणारा भाचाही बाहेरून आलेला. मासा मात्र कायमचा झाला. भाच्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे.

सकाळी उठल्याबरोबर भाचा फोनवर पाणी बघतो. होल्टरमधून आज किती क्युसेक सुटलं, कालपेक्षा वर की खाली, तापमान किती. पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग बघत बसलेला पुणेकर मला नवा नाही. पण पुणेकराला नदीपात्रात लावलेली गाडी काढायची असते आणि भाच्याला नदीपात्रात स्वतःला लावायचं असतं. चार हजार क्युसेकला त्याचा चेहरा फुलतो. सात हजारांना तो दाढी करत नाही.

मग सामान. रॉड नऊ फुटी. त्याची किंमत मी विचारली तेव्हा त्यानं ती डॉलरमध्ये सांगितली आणि मी मनात गुणाकार करतोय हे दिसताच विषय बदलला. चांगल्या रॉडला हजार डॉलर सहज पडतात, हे मला नंतर दुकानातल्या पाटीवरून कळलं. या खेळात आकडे सगळे उलटे चालतात. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. बावीस नंबरचा गळ भाताच्या शितावर मावतो. दोऱ्याच्या टोकाला जो बारीक धागा असतो त्याचंही तेच. पाच एक्स म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सहा, आणि सहा एक्स म्हणजे पाच. चाळिशी लागलेला माणूस हा धागा त्या गळाच्या भोकातून वाऱ्यात ओवतो, तेव्हा तोंडातून जे शब्द निघतात ते मराठीतच निघतात, हे मी साक्षीदार म्हणून सांगू शकतो.

त्या गळावर असते माशी. खरी नव्हे, बांधलेली. इथं मला शाकाहाराचा एक नवा पंथ पाहायला मिळाला. ज्या घरात अंडं शिरत नाही त्या घरात अभ्यासिकेच्या कपाटात कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट वाळवलेलं कातडं आहे, सशाच्या कानाची लव आहे, फेझंटची शेपूट आहे, एल्कचे केस आहेत, आणि बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतालची पिसं आहेत, कारण ती म्हणे बुडत नाहीत. भाचेसुनेनं हे सगळं एकाच अटीवर घरात येऊ दिलं: कपाटाला कुलूप आणि सासूबाई आल्या की किल्ली सुनेकडे.

कोंबड्याच्या मानेवरून आठवलं. अमेरिकेत या पिसांसाठी कोंबड्यांच्या खास जाती पिढ्यान् पिढ्या जोपासल्या आहेत. पीस लांब, निमुळतं आणि ताठ हवं. २०११ साली एकाएकी तिथल्या बायकांत हीच पिसं केसांत माळायची टूम निघाली. सलूनवाल्यांनी मासेमारीची दुकानं अक्षरशः झाडून नेली, भाव कडाडले. नदीकाठच्या दुकानांत वर्षानुवर्षं मिशाळ, गमबुटातली गिऱ्हाइकं बघायची सवय असलेल्या विक्रेत्यांना त्या वर्षी पहिल्यांदाच नखं रंगवलेली गिऱ्हाइकं दिसली. पिसं संपली आणि म्हातारे मासेमार बायकोच्या केसांकडे नव्या आस्थेनं पाहू लागले, असं मला एका दुकानदारानं सांगितलं. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं असावं.

माशी बांधण्याची ही विद्या तशी जुनी. ईलियन नावाच्या रोमन लेखकानं अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, वर कोंबड्याची दोन पिसं लावून मासे फसवतात, असं लिहून ठेवलंय. एवढ्यावर काम भागत होतं. आता भाच्याकडे माश्यांच्या सात डब्या आहेत, त्यात रकाने आहेत, आणि तरीही नदीवर गेलं की हवी असलेली माशी आठव्या डबीत असते.

कुठली माशी लावायची हे किडे ठरवतात. उन्हाळा उतरणीला लागला की मिसुरीवर सकाळी ट्रायको नावाच्या माशीचं लग्न लागतं. नर रात्रीच पाण्यातून बाहेर पडून तयार होऊन बसतात, नवऱ्या पहाटे येतात. ऊन वर आलं की काठावरच्या हवेत त्यांचे ढगच्या ढग वरखाली नाचू लागतात. या जातीच्या किड्यांना पंख फुटल्यावर चालतं तोंड राहत नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या लग्नात जेवणावरून एकही रुसवा नाही. तासाभरात लग्न उरकतं, माद्या अंडी घालतात आणि वऱ्हाड पंख पसरून पाण्यावर कोसळतं. तेव्हा पंगत बसते ती खाली, ट्राउटची. ट्राउट घाई करत नाही. एक किडा मिलिमीटरात मोजावा एवढा. त्याच्यासाठी उड्या मारणं परवडत नाही. मासा पृष्ठभागाच्या जरा खाली एका जागी राहतो, नाक तेवढं वर काढतो, चमचाभर पाणी आणि एक वऱ्हाडी आत घेतो, पुन्हा खाली. आवाज झालाच तर टुपुक एवढाच.

आणि हे सगळं चालतं कुठं? काठाला.

मिसुरी क्रेगपाशी चांगलीच रुंद आहे. मधल्या धारेला जोर असतो, तिथं नुसतं टिकून राहायलाच माशाची शक्ती खर्च होते. काठालगत पाणी जमिनीला घासून मंदावतं, गवताच्या आडोशाला वळतं, वाहून आलेले किडे तिथं गोळा होतात. ट्राउट हा हिशेबी प्राणी आहे. कमी कष्टात जास्त जेवण जिथं मिळेल तिथं तो राहतो, आणि ती जागा पुष्कळदा काठापासून हातभर अंतरावर असते. एवढं सोपं शास्त्र. भाच्याला ते तोंडपाठ आहे, त्यानंच मला गाडीत समजावलं. नदी दिसल्याबरोबर तो कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि समोरच्या तीराच्या रोखानं दोरा फेकू लागला.

काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं हेच. रॉड दहाच्या काट्यापर्यंत पुढे, दोनच्या काट्यापर्यंत मागे, डाव्या हातानं दोऱ्याला हिसका, पुन्हा पुढे. दोरा हवेत सुरेख वळणं घेतो, बघत राहावंसं वाटतं. साठ फूट, सत्तर फूट. आणि माशी मधल्या धारेपलीकडे पडते न पडते तोच मधला वेगवान प्रवाह दोऱ्याचं पोट ओढून नेतो, त्यामागून माशी पाण्यावर रेघ ओढत धावते. खरी मेलेली माशी कधी धावत नाही, हे माशाला ठाऊक असतं. मग दोरा गोळा करायचा, माशीवर आलेलं शेवाळ काढायचं, फुंकर घालून ती वाळवायची आणि याहून लांब कसं टाकता येईल याचा विचार करायचा.

याच्या बरोबर उलट बोटीतली माणसं. ड्रिफ्ट बोट म्हणतात तिला. मध्ये वल्ही मारणारा गाइड, पुढे एक आणि मागे एक गिऱ्हाईक. दिवसाचे सहाशे डॉलरहून जास्त मोजलेले. एवढे पैसे देऊन माणूस नदीच्या मधोमध पोचतो, आणि पोचल्याबरोबर गाइड त्याला सांगू लागतो, “काठाला टाका. अजून काठाला. गवताला लागली तरी चालेल, काठाला!” तेव्हा काठावरचा माणूस जिवाच्या आकांतानं बोटीच्या दिशेनं फेकतोय आणि बोटीतला माणूस तितक्याच निष्ठेनं माझ्या खुर्चीच्या दिशेनं, असा देखावा मी सकाळभर बघत होतो. दोघांचे दोरे एकमेकांना ओलांडून जात. काठावरचा बोटीकडे बघून म्हणतो, “यांना काय, कुठंही पोचता येतं.” बोटीतला काठाकडे बघून म्हणतो, “यांना काय, फुकटात उभे आहेत.”

फुकटात उभं राहण्यालाही इथं कायदा आहे आणि तो मला फार आवडला. मोंटानात १९८५ सालापासून नदीकाठची जमीन कोणाचीही असो, नदीचं पाणी नेहमी जिथवर चढतं त्या रेषेच्या आत कोणीही यावं, चालावं, मासे धरावेत. वरचं रान एखाद्या अब्जाधीशाचं असलं तरी त्यानं फक्त बघत बसायचं. मात्र त्याच्या शेतातून नदीवर उतरायचं नाही. पुलापाशी किंवा सरकारी उतारावरून पाण्यात शिरायचं आणि काठाकाठानं जायचं. भाच्यानं मला ही रेषा गवताच्या रंगावरून ओळखायला शिकवलं. माझ्या खुर्चीचे पुढचे दोन पाय जनतेच्या मालकीच्या जागेत होते. मागच्या दोन पायांबद्दल मी जरा सावध बसलो होतो.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक म्हातारबोवा होते. जुनी टोपी, जुना रॉड, बूट ठिगळ लावलेले. आले ते सरळ गवतात बसले आणि पाण्याकडे बघू लागले. चांगला अर्धा तास बघितलं. मग गुडघ्यांवर झाले. ट्राउटला पाण्यातून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं आणि काठावरचं जे बुटकं असेल ते त्या खिडकीच्या कडेला दबून जातं, म्हणून जवळ जायचं तर खाली वाकून जायचं. म्हातारबोवा वाकून चार पावलं सरकले, दोन रॉडच्या अंतरावर माशी ठेवली. फेकली म्हणवत नाही, ठेवलीच. टुपुक झालं. रॉड वाकला. पाचेक मिनिटांत एक जाडजूड रेनबो जाळीत. हात ओले करून त्यांनी तो धरला, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ काढला, मासा पाण्यात धरून ठेवला, तो आपणहून निघून गेला. म्हातारबोवांनी फोटो काढला नाही. पुन्हा गवतात बसले.

मी भाच्याला हाक मारून म्हटलं, “अरे, त्यांनी धरला बघ.”

भाचा त्यांच्याकडे वळून बघत, आवाज खाली आणून म्हणाला, “मामा, त्यांना लांब टाकता येत नसावं बहुतेक.”

यानंतर माझं लक्ष माझ्या समोरच्या पाण्याकडे गेलं. भाचा ज्या वाटेनं पाण्यात उतरला होता, ज्या चिखलात त्याच्या बुटांचे ठसे अजून दिसत होते, तिथंच लव्हाळ्याच्या कडेला एक नाक वर आलं. टुपुक. मी चहाचा पेला खाली ठेवला. पुन्हा टुपुक. थोडं वर दुसरं नाक. म्हणजे भाच्याच्या पाठीमागे, त्याच्या नि माझ्या खुर्चीच्या मधल्या पाण्यात, दोन ट्राउट निवांत जेवत होते.

“अरे, इकडे ये. इथं आहेत.”

“मामा, शू! मोठ्यानं बोलू नकोस, मासे बुजतात.”

“बुजले नाहीयेत. जेवतायत. तुझ्या मागे.”

“ते छोटे असतील. मोठे तिकडे धारेच्या कडेला असतात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपल्याकडे म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला कळसा काखेत असल्याचं कोणी सांगत तरी नव्हतं. मी हातानं माशाची लांबी दाखवली. भाच्यानं तीच खूण मी त्याला शाबासकी देतोय अशी घेतली आणि आणखी दोन पावलं पुढे सरकला. पाणी छातीला लागलं. तेवढ्यात एक बोट खाली आली. पुढच्या गिऱ्हाइकानं गाइडच्या सांगण्यावरून माशी भिरकावली, ती भाच्याच्या डोक्यावरून येऊन लव्हाळ्याच्या कडेला पडली आणि माझ्या दोघांपैकी वरचा गेला. बोटीत आनंदाचा कल्लोळ उडाला. मासा मोठा होता. दोन्ही हात लांब करून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरला तेव्हा तो याहूनही मोठा झाला.

भाचा हे सगळं बघत होता. त्याचा चेहरा मला आवडला नाही. त्यावर निर्धार होता.

“बघितलंस ना,” तो काठावर येत म्हणाला, “अंतर! शेवटी सगळा अंतराचा प्रश्न आहे. तो किती लांबून फेकत होता!”

त्या संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. ट्राउटसाठी दोन हातांनी धरायचा अकरा फुटी रॉड तिथं होता. मागे झाडंझुडपं असली तरी त्यानं लांब जातं, पाठीमागे जागा लागत नाही, असं विक्रेत्यानं सांगितलं. भाचा मान डोलावत होता. मी फक्त एवढंच म्हणालो की तुझा मासा तुझ्या पाठीमागेच होता. विक्रेत्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांकडे दुकानदार जगात सगळीकडे असंच पाहत असावेत.

“मामा, किंमत हिला सांगायची नाही,” भाचा म्हणाला.

“किती आहे ते तरी मला सांग. म्हणजे काय सांगायचं नाही ते कळेल.”

ते त्यानं सांगितलं नाही. रॉड घेऊन आम्ही दुकानाबाहेरच्या गवतावर आलो. इथं गिऱ्हाइकाला रॉड फेकून बघू देतात, गळ न लावता. भाच्यानं पाय रोवले, दोन्ही हातांनी रॉड मागे नेला आणि फेकला. दोरा सरसरत निघाला, गवत ओलांडून, उभ्या केलेल्या दोन बोटी ओलांडून, रस्ता ओलांडून गेला आणि पलीकडच्या तारेच्या कुंपणाला दोन वेढे देऊन थांबला.

“बघितलंस, मामा,” भाचा म्हणाला, “कुठपर्यंत गेला!”